एका फोटोवर आमचे वर्ष तोलू नका

प्रति,
मा. मुख्याध्यापिका बाई आणि शालेय समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: छायाचित्रण वर्गाचे वार्षिक मूल्यमापन आणि प्रदर्शन याबाबत.

स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि छायाचित्रण वर्गाच्या दाराशेजारी एक सूचना लागली. यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरातला आपला 'सर्वोत्कृष्ट' असा एकच फोटो मोठा छापून द्यायचा. परीक्षक त्यावर श्रेणी देणार. निवडक फोटो स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लागणार, तेच शाळेच्या इन्स्टाग्रामवर जाणार आणि ज्याला जास्त लाइक त्याला वेगळे बक्षीस. खाली 'पालकांनी आपली मते कळवावीत' असे आहे. विद्यार्थ्यांनी कळवावीत असे नाही, पण कळवू नयेत असेही नाही, म्हणून हे पत्र. खुले अशासाठी की मते पालकांची मागवली आहेत, तर आमचे म्हणणे त्यांच्याही समोर असावे. आईला कच्चा मसुदा दाखवला तर ती म्हणाली, "एवढं लिहीत बसण्यापेक्षा बाईंना जाऊन भेट की." भेटणारच आहे. पण कार्यालयात उभे राहून एवढे सगळे सांगायला कोण वेळ देणार?

माझे म्हणणे थोडक्यात असे, की फोटोग्राफीत एका फोटोवरून कोण किती शिकले ते कळत नाही. समितीला आमच्या वर्गाची प्रगती बघायची असेल तर आमचे फसलेले, कंटाळवाणे, अर्धवट फोटो बघावे लागतील. तेही एकेक सुटे बघून चालणार नाही, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने बघावे लागतील.

चित्रकलेत एका कागदावर भागते, हे मान्य. मी एलिमेंटरी दिली, नंतर इंटरमिजिएट दिली. त्या हॉलमध्ये सगळ्यांना सारखा कागद, सारखा वेळ आणि समोर त्याच वस्तू. ज्याचा हात बसलेला नाही त्याच्या तांब्याची कड वाकडी येते आणि ती कितीही शेडिंग केले तरी लपत नाही. नशिबाने कुणाचा तांब्या सुबक निघाला असे होत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र नेमके हेच होते. बटण कुठे आहे एवढेच ज्याला ठाऊक, त्याच्या हातूनही पहिल्याच दिवशी असा फोटो निघतो की पाहणारा थांबतो. उजेड चांगला होता, माणूस नेमक्या जागी होता, बोट पडले. माझ्याकडे असा एक फोटो आहे आणि त्याच्यामुळेच मला ही सूचना खटकली.

शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये सरांनी आम्हाला कसब्यातल्या तांबट आळीत नेले. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवतात. आळीत वळण्याआधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. एका काकांच्या कारखान्यात आत अंधार, भट्टीचा धूर आणि पत्र्यातल्या फटीतून तिरपा उजेड. मी कॅमेरा ऑटोवर ठेवून बटण दाबत सुटले. त्यातला एक फोटो विलक्षण आला. धुरातून उतरणारी उजेडाची पट्टी, वर उचललेली हातोडी, काळोखात फक्त खांदा आणि तापल्यासारखे दिसणारे तांबे. मावशीने तो स्टेटसला ठेवला. वर्गात टाळ्या झाल्या. सूचनेप्रमाणे एकच फोटो द्यायचा तर मी डोळे मिटून हाच देईन आणि बहुधा 'अ' श्रेणी घेऊन येईन.

पण बाई, तो जूनमधला आहे. तेव्हा मला शटर म्हणजे काय तेही धड माहीत नव्हते. त्या श्रेणीत सरांनी वर्षभर जे शिकवले त्यातले काहीच मोजले जाणार नाही.

तो फोटो तसा का आला हे मला ऑगस्टमध्ये कळले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपली नोंद ठेवतो: शटर (उजेड आत सोडणारा पडदा) किती वेळ उघडले, भिंगाचे छिद्र केवढे होते, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) किती, वेळ कोणती. सरांनी त्या दिवशीचे सगळे फोटो पडद्यावर लावले आणि शेजारी हे आकडे. कॅमेऱ्याने अंधार बघून १/६० सेकंद निवडले होते. एवढ्या वेळात खाली येणारी हातोडी बरेच अंतर कापते, त्यामुळे बाकीच्या सगळ्या फोटोंत हातोडीच्या जागी नुसता करडा फराटा होता. एकाच फोटोत ती स्पष्ट होती, कारण त्या क्षणी ती हलतच नव्हती. वर गेलेली हातोडी खाली यायला लागण्यापूर्वी किंचित थांबते. माझे बोट योगायोगाने तेव्हा पडले होते.

मग सर म्हणाले, "आता मुद्दाम तसा काढून दाखव."

इथून पुढचे महिने मी ज्याला शिकणे म्हणते ते झाले. आधी सोपा उपाय करून पाहिला: शटर जलद केले. हातोडी थोडी सावरली, पण १/५०० सेकंदात त्या अंधारात उजेडच पुरेना. आयएसओ वाढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे कण आले. छिद्र आणखी मोठे करावे तर शाळेच्या भिंगाला ती सोय नाही. तेव्हा सरांनी सांगितले की बघत बसू नकोस, ठोके ऐक. तांबटाचे ठोके ठेक्यात पडतात. दोन ठोक्यांच्या मधोमध हातोडी वर असणार. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत जरासा वेळ जातो, म्हणजे मध्याच्या किंचित आधी दाबायचे. हे कळायला मिनिट लागले आणि बोटाला जमायला दिवाळी उजाडली. पण जमले. १/६० वर, अंधारात, मुद्दाम, पुन्हापुन्हा.

एकट्या फोटोत यातले काही दिसत नाही. तिथे हातोडी वर आहे एवढेच दिसते. ती नशिबाने वर आहे की ठरवून, हे शेजारचे फोटो बघितल्याशिवाय कुठल्याही परीक्षकाला सांगता येणार नाही, मग तो कितीही मोठा कलाकार असो.

आता शेजारचे फोटो आमच्याकडे कसे आहेत, ते सांगते. समितीतल्या सर्वांना आमच्या वर्गाचे नियम ठाऊक असतीलच असे नाही. पूर्वी कॅमेऱ्यात रीळ असे आणि ३५ मिलिमीटरच्या रिळात ३६ फोटो बसत. रीळ धुतल्यावर त्याच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून कागदावर ओळीने मांडत आणि सगळ्यांचा मिळून एकच छाप काढत. ती कॉन्टॅक्ट शीट. तिच्यावर छायाचित्रकार लाल पेन्सिलीने खुणा करी की हा मोठा करायचा, हा नाही. आमच्या सरांनी हीच पद्धत डिजिटल कॅमेऱ्यावर लादली आहे. महिन्याला ३६ फोटो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी, म्हणजे काढला की लगेच बघायचा नाही. आणि डिलीट बंद. महिनाअखेरीस सगळे ३६ फोटो एका ए-फोर कागदावर, काढले त्या क्रमाने.

सुरुवातीला आम्ही यावर फार कुरकुरलो. फसलेला फोटो सगळ्यांसमोर का ठेवायचा? एका हुशार मुलाने गुपचूप चार फोटो उडवले. सरांनी शीट हातात घेतली आणि विचारले, "बेचाळीसनंतर एकदम सत्तेचाळीस कसे आले रे?" कॅमेरा प्रत्येक फाइलला ओळीने क्रमांक देतो, मधला गेला की खिंडार दिसते. मोबाइलवर ही युक्ती चालत नाही, तिथे बहुधा फाइलला तारीख-वेळेचे नाव असते. तिथे सर विश्वास ठेवतात. गंमत अशी, की मोबाइलवाल्यांनी आजवर काही उडवल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे समितीला जे बघायला हवे ते सगळे वर्गाच्या कपाटात आधीच पडलेले आहे. जून ते डिसेंबर, प्रत्येकाची पाने. नवीन काही करायला नको.

तांबट काकांकडे परत येते, कारण अजून एक गोष्ट सांगायची आहे. सरांचा दुसरा नियम असा की ज्याचा फोटो काढला त्याला छापून नेऊन द्यायचा. जूनचा तो गाजलेला फोटो मी काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे गं पोरी. पण ठोका कुठं पडतोय ते दिसत नाही." मी हिरमुसले. पण ते खरे होते. मठारकामात हातोडीचे ठसे ओळीने शेजारी शेजारी उमटवायचे असतात. हातोडी धरलेला हात सगळे बघतात. खरी करामत डाव्या हाताची असते, तो दर ठोक्याला भांडे जरासे फिरवतो, म्हणून ओळ सरळ येते. माझ्या फोटोत डावा हात काळोखात गडप झाला होता.

त्यानंतर मी जागा बदलली. दारातून न काढता काकांच्या डाव्या अंगाला, खाली बसून. तिथून ती उजेडाची पट्टी दिसत नाही, धूर दिसत नाही, मागे तेलाचा डबा आणि कॅलेंडर येते. डिसेंबरमधल्या फोटोत ठशांची ओळ आहे, डावा हात आहे, वर गेलेली हातोडी आहे. तो पाहून काका म्हणाले, "हां, हे आमचं काम," आणि पुतण्यासाठी आणखी एक प्रत मागितली.

हे दोन फोटो शेजारी ठेवून कुणालाही विचारा, चांगला कोणता? सगळे जूनचा म्हणतील. मलाही तोच जास्त आवडतो, खोटे कशाला बोला. पण माझे शिकणे डिसेंबरच्या फोटोत आहे. तोही एकटा दिला तर परीक्षक म्हणतील, मागचे कॅलेंडर टाळायला हवे होते.

अशी उदाहरणे प्रत्येकाच्या पानांवर आहेत. काही अगदी साधी. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला आमच्यापैकी बहुतेकांचे पांढरे गणवेश मळकट करडे आले होते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे खूप पांढरे दिसले की तो उजेड कमी करतो. अशा वेळी आपणच उजेड एक टप्पा (म्हणजे दुप्पट) वाढवायचा. उलट शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरचे काळपट खिळे काढताना कमी करायचा, नाहीतर काळ्याचे राखाडी होते. पानावर हे असे दिसते: ऑगस्टच्या ओळीत सगळे करडे, सप्टेंबरच्या ओळीत पांढरे ते पांढरे.

मागे पालकसभेत एका काकांनी विचारले होते की या वर्गाचा अभ्यासाला काय उपयोग. तेव्हा सर हसून गप्प बसले, मी उत्तर देते. भिंगावर आकडे असतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हे असे विचित्र का? तर हा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचा उजेड भिंगामागे जिथे एकत्र येतो तिथपर्यंतचे अंतर) भागिले छिद्राचा व्यास. म्हणूनच आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. आता उजेड निम्मा करायचा तर छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे करायला हवे, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते. म्हणजे दर टप्प्याला आकडा वर्गमूळ दोनने गुणायचा. आमच्या नववीच्या गणितात पहिल्या सत्रात वर्गमूळ दोन ही अपरिमेय संख्या आहे असे आम्ही सिद्ध केले आणि वहीत मिटून टाकले. ती संख्या भिंगाच्या कडीवर कोरलेली निघेल असे वाटले नव्हते. असो. उपयोग सांगावा लागतो याचेच मला जरा वाईट वाटते, पण विचारले होते म्हणून.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची पाने तर तुम्ही आवर्जून बघावीत. तो पावसाळाभर झेड ब्रिजच्या कठड्यावरून खालच्या भिडे पुलाचे फोटो काढत होता. (संध्याकाळी झेड ब्रिजवर थांबायचे नाही अशी घरून ताकीद, कारण तेव्हा तिथे जोडपी बसतात, पुणेकरांना सांगायला नको, म्हणून सकाळी.) जागा तीच, उंची तीच, भिंग तेच. एकेक फोटो बघाल तर त्यात काही नाही. पूल, नदी, दोन स्कूटर. पण खडकवासला धरणातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्या ३६ चौकोनांत पाणी चढताना, पूल नाहीसा होताना, मग चिखल आणि जलपर्णी अडकलेले कठडे घेऊन परत वर येताना दिसतो. त्याने प्रत्येक चौकोनाखाली त्या दिवशी किती क्युसेक पाणी सोडले ते पेपरात बघून लिहिले. पहिल्या ओळीत त्याची चौकट दर वेळी हलली आहे, एकदा पूल डावीकडे, एकदा मध्ये. तिसऱ्या ओळीपासून तो कठड्यावरची एक खूण धरून उभा राहायला शिकला आणि चौकट स्थिर झाली. या मुलाने आता सर्वोत्कृष्ट म्हणून कोणता फोटो द्यायचा? त्याने मला खरेच विचारले आणि मला सांगता आले नाही.

सरांनी यावरून दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. १९१२ मध्ये चित्रपट काढायला पैसे उभे करायचे होते आणि या माणसाला ही कला येते यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत रोप वाढताना दाखवले. सावकाराला ते पटले. मी विचार केला, फाळक्यांनी त्यातले शेवटचे सर्वोत्कृष्ट चित्र तेवढे नेऊन दाखवले असते तर? कुंडीतले वाटाण्याचे रोप! सावकाराने घरच्या बागेतले दाखवले असते.

एका फोटोच्या स्पर्धेत आणखी एक अडचण आहे आणि ती बोलायला अवघड आहे. पुण्यात फोटोस्पर्धेत काय जिंकते ते ठरलेले आहे: पालखी, विसर्जन मिरवणूक, सिंहगडावरचे धुके, कवडीपाटचा खंड्या, भिगवणचे रोहित. बालगंधर्वच्या कलादालनात आम्ही प्रदर्शने पाहतो, सुंदर असतात. पण रोहित पक्ष्याचा फोटो काढायला पहाटे भिगवणला नेणारी गाडी लागते आणि पुरुषभर लांबीचे वाटावे असे भिंग लागते. आमच्या वर्गात काही जणांच्या घरी ते आहे. काही जण शाळेच्या दोन जुन्या कॅमेऱ्यांवर पाळीने काम करतात. आणि काहींना आईचा मोबाइल, तोही ती कामावरून आल्यावर, म्हणजे उजेड गेल्यावर मिळतो. एक मुलगी घरातल्या ट्यूबलाइटखालचेच फोटो काढत आली आहे आणि ट्यूबलाइटबद्दल तिच्याइतके आमच्यात कुणालाही माहीत नाही. तिच्या फोटोवर आडवे पट्टे यायचे, कारण घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते आणि जुनी ट्यूब त्याच्या दुप्पट वेळा मंद-प्रखर होते. तिने शटर १/५० वर आणून पट्टे घालवले. हे कुणीही तिला सांगितले नव्हते, शोधून काढले. कलादालनात तिचा फोटो लागणार नाही, कारण त्यात तिचा भाऊ गृहपाठ करतो आहे. पण शिकण्याची श्रेणी द्यायची असेल तर माझ्या मते पहिली तिला द्यावी लागेल.

मोबाइलविरुद्ध माझे काही नाही. पण आजचा मोबाइल एकदा बोट लावले की मागेपुढे अनेक फोटो घेतो, जोडतो, अंधार उजळतो, आकाश निळे करतो. सुबक फोटो येतोच. त्यातले किती मुलाने केले आणि किती मोबाइलने, हे परीक्षकाने एका प्रिंटवरून कसे ओळखायचे? पान समोर असेल तर ओळखता येते, कारण मुलगा कुठे उभा राहिला, कुठून कुठे सरकला, काय सोडून दिले हे मोबाइल ठरवत नाही.

आता इन्स्टाग्रामचे. याबाबत मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग नसावा. तांबट काकांना मी विचारले होते, "काका, फोटो काढू का? शाळेच्या वर्गासाठी आहे." ते हो म्हणाले ते वर्गासाठी. लाइकच्या शर्यतीसाठी ते हो म्हणालेले नाहीत आणि मी त्यांना तसे विचारलेले नाही. ट्यूबलाइटखालच्या त्या भावाचे वय आठ आहे. देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. मी कायद्याची जाणकार नाही, समितीत वकील काका आहेत, ते जास्त सांगतील. पण कायदा बाजूला ठेवला तरी सरांनी पहिल्या महिन्यात आम्हाला फोटो काढायला शिकवलेच नव्हते, फक्त विचारायला शिकवले होते. मंडईत भाजीवाल्या मावशींसमोर कॅमेरा खाली ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे. निम्म्यांनी नाही म्हटले. नाही म्हटले की आभार मानून पुढे जायचे, हेही गुणांत धरा असे सर म्हणाले होते. आम्ही हे शिकायचे आणि शाळेनेच न विचारता टाकायचे, हे विचित्र दिसेल.

समितीच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. पाहुणे येतात, त्यांना भिंतीवर काहीतरी प्रसन्न हवे. पालकांना आपल्या मुलाचा एक फोटो फ्रेममध्ये हवा, मग त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी हवी. ते काही वाईट नाही. म्हणून माझी मागणी एवढीच: मोठा फोटो लावाच, पण त्याच्या खाली ती पाने लावा. तीन पुरतील: एक जूनचे, एक दिवाळीच्या आसपासचे, एक डिसेंबरचे. पानावर विद्यार्थ्याने स्वतः लाल पेनाने खुणा केलेल्या असाव्यात आणि दोन ओळी लिहाव्यात की मी या महिन्यात काय करून बघत होतो. परीक्षकांनी श्रेणी त्या पानांवर द्यावी आणि त्याआधी आम्हाला शेजारी उभे करून दोन-तीन प्रश्न विचारावेत. हाच का निवडलास? इथे जागा का बदललीस? विज्ञानाची तोंडी असते तशी. पाठ करून उत्तरे देता येणार नाहीत, कारण पुरावा भिंतीवरच असेल. खर्चही कमी होईल. चांगल्या कागदावरचा मोठा, चौकटीत बसवलेला प्रिंट आणि ए-फोरवरचा कृष्णधवल छाप यांच्या किमतीतला फरक अप्पा बळवंत चौकात कुणीही सांगेल.

प्रदर्शनात पुसट फोटो दिसले तर शाळेचे नाव खराब होईल, असे एका सदस्यांनी म्हटल्याचे कानावर आले. मला उलट वाटते. सुंदर फोटो प्रत्येक शाळा लावते. ३६ चौकोनांचे पान वाचता यायला लोकांना दोन मिनिटे लागतील, पण एकदा समजले की ते हलणार नाहीत. आमच्या शेजारच्या आजोबांना मी माझे ऑगस्टचे पान दाखवले. ते निवृत्त लेखापाल. त्यांनी ओळींवरून बोट फिरवले आणि विचारले, "अठराव्यानंतर तू खाली बसलीस काय?" मी खरेच बसले होते.

लाइकचे बक्षीस मात्र रद्दच करावे. त्यावर मधला मार्ग मला सुचत नाही.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वर्गातल्या भिंतीवर सगळ्यांची पाने लावणार आहोत. सरांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही. समितीच्या सदस्यांनी अर्धा तास काढून यावे आणि मगच नियम पक्का करावा, ही विनंती. सूचना लिहिताना आपण पाने पाहिली नव्हती, हे आम्हाला माहीत आहे. दाखवायला हवी होती असे कुणाला सुचलेही नव्हते. भिडे पुलाचा मुलगा आणि ट्यूबलाइटवाली मुलगी दोघेही त्या वेळी थांबणार आहेत, मीही आहे. दोन गोष्टी लागतील: पहिल्या मजल्यावरचे सॉफ्टबोर्ड, जे सध्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यांनी भरलेले आहेत, आणि प्रिंटरची काळी शाई. ती सात-आठ जणांची पाने छापायची राहिलेली असताना संपली आणि कार्यालयातून सांगितले आहे की नवीन बाटलीसाठी आपली सही लागते.

आपली विद्यार्थिनी,
इयत्ता नववी, छायाचित्रण वर्ग
पुणे